कुंपणाच्या आतली लोकशाही

कॅलिफोर्नियातील बर्कली शहरात मेट्रो रेल्वेसाठी घरे पाडली गेली. रेल्वे जमिनीखालून गेली आणि वर उरलेल्या पट्ट्यावर ओहलोनी पार्क झाले. १९७९ मध्ये त्याच्या एका कोपऱ्यात कुत्र्यांना मोकळे सोडण्यासाठी प्रयोग म्हणून कुंपण घातले गेले. अमेरिकेतील सुरुवातीच्या श्वान उद्यानांत त्याची गणना होते. जागा महापालिकेची, पण देखभालीचा मोठा भार परिसरातल्या श्वानपालकांनी उचलला.

अशा उद्यानाला लागते काय? पक्के कुंपण, पाण्याची सोय, विष्ठा उचलायच्या पिशव्या आणि दुहेरी फाटक. आधीचे दार लागल्याशिवाय पुढचे उघडायचे नाही, एवढ्याने कुत्रा रस्त्यावर पळत नाही. खर्च फार नाही. चिकाटी मात्र लागते, कारण पिशव्या संपल्या की आठवड्यात सगळा उकिरडा होतो.

आपल्याकडे गाडे इथेच अडते. सोसायटीच्या ग्रुपवर कुत्र्यांवरून हमरीतुमरीवर येणारे, सकाळी शेजाऱ्याच्या फाटकासमोर कुत्र्याला 'बसवून' साळसूदपणे पुढे निघतात. पालिकेच्या नावाने बोटे मोडायला मात्र हेच पुढे! उद्यानात कुत्र्यांना बंदी असेल, तर निदान एका कोपऱ्याची मागणी रीतसर करता येते. पण ती नुसत्या सह्यांच्या कागदाने करू नये. कोण झाडणार, रेबीजच्या लसीकरणाचे दाखले कोण तपासणार, याची नावांसह यादी अर्जाला जोडावी. अशा अर्जाला नाही म्हणणे नगरसेवकालाही जड जाईल.