सॉसच्या बाटलीतला ४१५

गेल्या फेब्रुवारीत आमच्या तालुक्याला महिला बचत गटांचं प्रदर्शन होतं. आमच्या गटाने टोमॅटो सॉस ठेवला होता. टोमॅटोचा भाव पडला की आमच्याकडे शेतकरी अक्षरशः रस्त्याच्या कडेला ढीग ओतून जातात, म्हणून दोन वर्षांपूर्वी हा उद्योग सुरू केला. चव म्हणाल तर एक नंबर! पण प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येक बाटलीत वर बोटभर पाणी सुटलेलं दिसायला लागलं. एका बाईंनी बाटली हातात घेतली, तिरकी करून पाहिली आणि विचारलं, "खराब झालाय का हो?" आम्ही हलवून दाखवली, समजावून सांगितलं. त्यांनी हसून बाटली खाली ठेवली आणि पलीकडच्या पापडांच्या स्टॉलकडे वळल्या. ८५ पैकी ३३ बाटल्या परत घरी आल्या.

यात माझाही दोष होता. महिनाभर आधी बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानदाराने आम्हाला पांढऱ्या भुकटीची एक पुडी दिली होती. "ताई, चिमूटभर घाला, पाणी सुटणार नाही. झॅन्थन गम म्हणतात." मी ती पुडी परत केली. म्हटलं, आपण 'घरगुती' म्हणून विकतो, मग केमिकल कशाला? मराठी घेऊन बी.ए. झालेली मी, पण गटात चार बुकं जास्त शिकलेली म्हणून माझा शब्द चालतो. प्रदर्शनानंतरच्या बैठकीत मात्र गटातली सगळ्यात धाकटी सून एवढंच म्हणाली, "ताई, तुमचं घर या ३३ बाटल्यांवर चालत नाही." तिच्या नवऱ्याचं काम सुटून चार महिने झाले होते. मला उत्तर सुचलं नाही.

मग मी बीएस्सीला असलेल्या माझ्या लेकीला हाताशी धरलं आणि ही भुकटी म्हणजे आहे तरी काय ते शोधायला बसले.

मैत्रिणींनो, पदार्थ दाट करणं आपल्याला काही नवीन नाही. कढी फुटू नये म्हणून बेसन लावतो, अळूच्या फदफद्याला डाळीचं पीठ लावतो. ज्वारीच्या पिठाला चिकटा नसतो म्हणून उकळतं पाणी घालून मळतो. झॅन्थन गमचं काम तेच, फक्त करणारा वेगळा. कोबी लावणाऱ्या घरातल्या बायकांना 'घाण्या' रोग माहीत असेल. पानाच्या कडेपासून आत पिवळा त्रिकोण पसरत जातो, शिरा काळ्या पडतात. हा रोग करणारा जो जिवाणू, त्याच्याकडूनच हा डिंक बनवून घेतात. मोठमोठ्या टाक्यांमध्ये मक्याची साखर घालतात, हवा खेळवतात, तीस अंशांच्या आसपास ऊब ठेवतात. दोन-चार दिवसांत तो जिवाणू साखर खाऊन स्वतःभोवती बुळबुळीत चिकटा सोडतो. मग गरम करून जिवाणू मारतात, अल्कोहोल घालून चिकटा वेगळा काढतात, वाळवून दळतात. विरजणाची आणि इडलीच्या पिठाची ही लांबची बहीणच म्हणायची. मी 'केमिकल' म्हणून हिणवलं होतं ते काही खरं नव्हतं.

याची गंमत अशी की बाटली स्थिर असली तर तो घट्ट राहतो आणि हलवली, थोपटली की पातळ होऊन वाहतो. वाढला की पुन्हा घट्ट. १० किलो सॉसला साधारण १० ते ३० ग्रॅम पुरतो. (नुसता घातला तर गुठळ्या होतात, आधी कोरड्या साखरेत मिसळून घ्यावा लागतो. हे आम्ही एक पातेलं वाया घालवून शिकलो.)

आणि हा शोधणाऱ्यांमध्ये पुढे कोण होतं? एक बाई! अलीन जीन्स, १९०६ साली अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये जन्मलेल्या. पिओरिया गावातल्या सरकारी शेती प्रयोगशाळेत त्या काम करत. एका पेयाच्या कारखान्यातून बिघडून तार सुटलेलं सरबत त्यांच्याकडे तपासायला आलं. आपण असतो तर मोरीत ओतलं असतं. त्यांनी त्यातला जिवाणू शोधला आणि त्याच्या चिकट्यापासून डेक्स्ट्रान बनवण्याचं काम पुढे नेलं. कोरियाच्या युद्धात रक्तस्राव झालेल्या सैनिकांना रक्तद्रवाऐवजी ते दिलं गेलं. अमेरिकेच्या शेतीखात्याचा मोठा सन्मान १९५३ मध्ये मिळालेल्या त्या पहिल्या महिला. झॅन्थनचं काम त्याच प्रयोगशाळेत, त्यांच्याच चमूने १९५० च्या दशकात केलं. १९६९ मध्ये अमेरिकेने ते खाण्यात वापरायला परवानगी दिली. आज सॉस, आइस्क्रीम, गव्हाशिवायचा पाव, टूथपेस्ट, एवढंच काय, तेलविहिरी खोदताना लागणाऱ्या चिखलातही तो असतो.

तेलविहिरीवरून आपली गवार आठवली. भाजीची नव्हे, राजस्थानातली, जिच्या बियांपासून ग्वार गम निघतो. जगातली बहुतेक गवार भारतात पिकते. अमेरिकेत खडक फोडून तेल-वायू काढायची लाट आली तेव्हा या डिंकाला अशी मागणी आली की काही हजारांत असलेला बियांचा क्विंटलचा भाव मार्च २०१२ मध्ये ३० हजारांच्या घरात गेला. सरकारला वायदेबाजार थांबवावा लागला. कारखाने मग दुसरे डिंक शोधू लागले, त्यात झॅन्थनही आला. शेतकऱ्यांनी पुढच्या वर्षी दणकून गवार पेरली आणि भाव कोसळला. आमच्या टोमॅटोची गोष्ट वेगळी कुठे आहे?

पण पावसावर पिकणारी गवार निदान शेतकऱ्याच्या बांधावर असते. टाकीतल्या डिंकाचं तसं नाही. त्याला लागतो स्वस्त मका आणि भरपूर वीज, कारण रस जितका दाट होतो तितका तो ढवळायला जोर लागतो. म्हणून हा धंदा चीनमधल्या मोजक्या प्रचंड कारखान्यांकडे गेला. जगातला बहुतेक माल आज तिथून निघतो, आपल्याकडे येणाऱ्या पुड्याही मुख्यतः तिथल्याच. अमेरिकेतल्या कारखानदारांनी तक्रार केली की हा माल मुद्दाम पडत्या भावात आणून टाकतात, तेव्हा २०१३ मध्ये अमेरिकेने त्यावर जादा कर बसवला. त्याच चिनी कंपन्यांतली एक, फुफेंग, अमेरिकेत नॉर्थ डाकोटामधल्या ग्रँड फोर्क्स शहराजवळ मक्याचा कारखाना काढणार होती. जवळच हवाई दलाचा तळ होता. लष्कराने सुरक्षेला धोका आहे असं कळवलं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराने तो बेत रद्द केला. दुसरीकडे, हाच डिंक बनवणारी सीपी केल्को ही जुनी कंपनी २०२४ मध्ये टेट अँड लाइल या इंग्रजी कंपनीने १८० कोटी डॉलरला, म्हणजे सुमारे १५ हजार कोटी रुपयांना विकत घेतली. चिमूटभर भुकटीसाठी एवढ्या उलाढाली! मका आपल्या जळगाव-नाशिककडेही ढिगाने पिकतो, पण तो कोंबड्यांच्या खाद्याला जातो आणि त्याच्या साखरेचा डिंक आपण बाहेरून आणतो. यावर कोणी बोलताना मला तरी ऐकू येत नाही.

आता मुद्दा आरोग्याचा. इथे मी दोन्ही बाजू सांगणार. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये याची फेरतपासणी केली आणि नेहमीच्या खाण्यातल्या वापरात काळजीचं कारण नाही असं म्हटलं. फार खाल्ला तर पोट फुगतं, ढाळ होतात. पक्षाघातानंतर पाणी गिळताना ठसका लागणाऱ्या रुग्णांना डॉक्टर पाणी दाट करून द्यायला सांगतात, त्यातही हा वापरतात. पण तान्ह्या बाळांची गोष्ट वेगळी. दूध दाट करायला वापरल्या जाणाऱ्या अशाच एका पाकिटाबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०११ मध्ये इशारा दिला होता की ३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांना ते देऊ नका. काही बाळांना आतड्याचा गंभीर आजार झाला होता, काही दगावली होती. भुकटीमुळेच झालं असं पक्कं सिद्ध झालेलं नव्हतं, तरी २०१२ मध्ये इशारा सगळ्या वयाच्या तान्ह्या बाळांसाठी वाढवला. तेव्हा बाळ दूध ओकतं म्हणून कोणी असलं काही घालायला सुचवलं, तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. शेजारणीच्या सांगण्यावर जाऊ नका.

एवढं सगळं वाचून मी पुन्हा बैठकीत गेले आणि माझं चुकलं हे सगळ्यांसमोर सांगितलं. वाटलं होतं विषय संपेल, पण खरी वादावादी तिथूनच सुरू झाली. भुकटी घालायला सगळ्या तयार, पण ती लेबलवर छापायला अर्ध्या जणी तयार नाहीत! "नंबर दिसला की लोक पळतील," असं त्यांचं म्हणणं. दुकानातल्या नावाजलेल्या सॉसची बाटली आणून मी उलटी करून दाखवली, मागे बारीक अक्षरांत १४२२, ४१५ छापलेलं होतं. त्या म्हणाल्या, "ते मोठे आहेत, त्यांना चालतं. आमचं नावच 'घरगुती' आहे."

त्यांची भीती खोटी नाही. गिऱ्हाईक आमच्याकडे येतं ते आकडे नसलेला माल मिळतो म्हणूनच. पण नेमकं त्याचसाठी लपवता येणार नाही असं माझं मत आहे. कायद्यानेही घटकांच्या यादीत तो द्यावा लागतोच. आणि गटांना जी प्रशिक्षणं दिली जातात तिथे पाकीट कसं चिकटवायचं, रंग कोणता निवडायचा हे शिकवतात. त्या पाकिटात आपण घालतो ती भुकटी काय आहे, कुठून येते, किती घालायची, हे मला तीन प्रशिक्षणांत एकदाही कोणी सांगितलं नाही. दुकानदार सांगेल ते प्रमाण आणि तो म्हणेल तो भाव. आम्ही विचारलं तर त्याचं उत्तर ठरलेलं, "माल वरूनच महाग आलाय ताई."

शेवटी हात वर करून मत घेतलं. ११ जणी होत्या, सात-चारने ठरलं की छापायचं. ती धाकटी सून सातांमध्ये होती. दोन जणींनी अजून माझ्याशी नीट बोलणं सुरू केलेलं नाही, त्यांच्याकडे हळदीकुंकवाला जाऊन बघायचं आहे.

लेबलचा नमुना घेऊन मी परवा छापखान्यात गेले. 'घटक : टोमॅटो, साखर, मीठ, व्हिनेगर, मसाले, घट्टपणासाठी झॅन्थन गम (आयएनएस ४१५)'. मालकांनी चष्मा वर करून विचारलं, "मॅडम, ही शेवटची ओळ बारीक करून कोपऱ्यात टाकू का? सगळेच टाकतात." म्हटलं, नको, टोमॅटोएवढीच ठेवा.