बाहेरचा बाजार

गेल्या उन्हाळी सुट्टीत आम्ही अमेरिकेला जाऊन आलो, तेव्हापासून ‘तिकडचे काहीतरी लिहा’ असा काही वाचक-भगिनींचा आग्रह आहे. उंच इमारती आणि रुंद रस्ते यांच्याबद्दल पुष्कळांनी लिहून झाले आहे. आम्ही एका संध्याकाळबद्दल लिहितो. त्या संध्याकाळची थोडी टोचणी आमच्या मनात अजून आहे.

आमचे धाकटे दीर फ्लोरिडा राज्यात टॅम्पाला राहतात. त्यांच्या घरापासून मोटारीने सव्वा-दीड तासावर ऑर्लँडो, आणि तिथे 1971 साली सुरू झालेले वॉल्ट डिस्ने वर्ल्ड. व्हिसा हातात पडल्या दिवसापासून आमच्या धाकट्याच्या तोंडी तेच नाव होते. तो सात वर्षांचा, थोरली अकरा वर्षांची. आम्ही दोघे, दादी आणि ही दोन मुले, असे आम्ही पाच जण.

तिकडे गेल्यावर हिशेब मांडला. एका दिवसाचे, एका उद्यानाचे तिकीट माणशी शंभर डॉलरच्या वर. तारखेप्रमाणे दर बदलतो. सुट्टीत आणखी चढतो. तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पण तीन ते नऊ वर्षांच्या मुलांना सवलत म्हणाल तर अगदी थोडी. पाच जणांचे पाचशेच्या वर डॉलर, म्हणजे आपले चाळीस हजारांहून जास्त रुपये, आणि गाडी उभी करण्याचे, खाण्यापिण्याचे पैसे वेगळे. विमानाच्या तिकिटांतच आमची दोन वर्षांची शिल्लक संपली होती.

दीर म्हणाले, “भाभी, कार्डावर घेऊ. नंतर हळूहळू फेडता येतील.” त्यांच्या मनात प्रेमच होते. पण हळूहळू फेडायचे म्हणजे व्याजासकट फेडायचे, आणि तेही एका दिवसाच्या मौजेसाठी. आम्ही नको म्हटले. मग त्यांनीच सुचवले, “असे असेल तर डिस्ने स्प्रिंग्सला जाऊ. तिथे आत जायला पैसे लागत नाहीत.”

डिस्ने स्प्रिंग्स म्हणजे त्या उद्यानांजवळचा खाण्यापिण्याचा आणि खरेदीचा मोठा बाजार. 1975 साली तो दुकानांचे एक छोटे गाव म्हणून सुरू झाला. पुढे बरीच वर्षे त्याला डाउनटाउन डिस्ने म्हणत. आजचे नाव 2015 पासूनचे. तळ्याच्या काठाने चार भागांत शंभराहून जास्त दुकाने आणि उपाहारगृहे पसरली आहेत. प्रवेश फुकट, मोठमोठ्या बहुमजली वाहनतळांत गाडी लावणेही फुकट.

ठरले. पण निघायच्या आदल्या रात्री आमच्यापैकी एकाच्या तोंडून निघून गेले, “धाकट्याला कुठे कळतेय? हेच डिस्ने आहे म्हणून सांगू. नावही तेच आहे.” खरे सांगायचे तर दुसऱ्यालाही ती युक्ती बरीच पटली होती.

दादी तसबीह फिरवत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “पोराला फसवायचे असेल तर नेऊच नका.” मग त्यांनी अबू दाऊदमधल्या त्या हदीसची आठवण दिली. एका आईने आपल्या लहान मुलाला ‘ये, तुला काहीतरी देते’ म्हणून बोलावले. पैगंबर (स.) त्या वेळी त्यांच्या घरी बसले होते. काय देणार आहेस, असे त्यांनी विचारले. तिने खजूर देणार असल्याचे सांगितले. तेव्हा त्यांनी समजावले, की काहीच दिले नसतेस तर तुझ्या नावावर एक खोटे लिहिले गेले असते. ही हदीस आम्हालाही माहीत होती. आपल्या घरात तिची वेळ येईल असे मात्र वाटले नव्हते.

सकाळी धाकट्याला समोर बसवून सांगितले, “आपण जातोय तो डिस्नेच्या बाहेरचा बाजार आहे. आतल्या उद्यानाची तिकिटे आपल्याला परवडत नाहीत.” तो रडला. नाश्ता न करता खिडकीपाशी जाऊन बसला. आम्ही समजूत घातली नाही, रडू दिले. तासाभराने येऊन त्याने विचारले, “बाजारात लेगो असते का?”

घरी जेवून आणि जुहर पढून निघालो. जूनचा पहिला आठवडा होता. तिकडे उन्हाळ्यात दुपारनंतर आभाळ भरून येते आणि गडगडाटासह पाऊस कोसळतो. आम्ही वाहनतळात शिरलो आणि पावसाला सुरुवात झाली. तिथल्या वाहनतळांना लिंबू, संत्रे अशी फळांची नावे आहेत, आणि प्रत्येक जागेवर दिवा आहे. हिरवा असेल तर जागा रिकामी. असरची वेळ पाचच्या सुमारास झाली, पाऊस थांबला नव्हता. वुजू वाटेतच राखून ठेवला होता, म्हणून गाडीमागच्या रिकाम्या कोपऱ्यात चटया अंथरल्या.

इथे दादी अडल्या. जन्मभर कोकणात समुद्राकडे, मावळतीकडे तोंड करून नमाज पढलेल्या त्या. फोनवरचे होकायंत्र ईशान्य दाखवत होते. “मक्का इथून पूर्वेला, मग उत्तरेकडे का वळायचे?” थोरलीने भावाचा चेंडू घेतला आणि बोट फिरवून दाखवले: पृथ्वी गोल असल्याने सर्वांत जवळची वाट उत्तरेकडून वळून जाते, विमानेही तशीच जातात. दादींनी चेंडूकडे आणि नातीकडे नीट पाहिले, आणि उभ्या राहिल्या. प्रवासात असल्यामुळे दोनच रकात. एक कुटुंब गाडीत सामान भरत होते. ते आमची नमाज होईपर्यंत हळू आवाजात बोलले आणि जाताना हात हलवून गेले. लाज वाटेल अशी धास्ती आमच्याच मनात होती.

पाऊस थांबल्यावर बाजारात गेलो. जागा सुंदर आहे, यात शंका नाही. मधोमध झऱ्यासारखे निळेशार पाणी, त्यावर पूल, काठाला जुन्या धाटणीच्या इमारती. फ्लोरिडात असे नैसर्गिक झरे खरोखरच आहेत, इथला मात्र माणसाने बनवलेला. झऱ्याकाठी एक गाव वसले आणि वाढत गेले, अशी गोष्ट रचून तिच्यावर हा सारा बाजार उभा केला आहे. बसायला बाक, गाणी वाजवणारे कलाकार, सगळे फुकट. आपल्या जत्रेतही आत जायला पैसे कुठे लागतात? माणूस जितका वेळ रेंगाळेल तितका त्याचा खिसा सैल होतो, हे जत्रेतल्या फुगेवाल्यालाही ठाऊक असते. इथे तेच शास्त्र मोठ्या प्रमाणावर राबवले आहे.

पण फुकटात पाहण्यासारखेही खूप निघाले. लेगोच्या दुकानाबाहेर तळ्यात लेगोच्याच विटांचा भलामोठा सागरी सर्प आहे. धाकटा त्याच्यासमोर किती वेळ उभा होता! पुढे तळ्यावर 1960 च्या दशकात जर्मनीत बनलेल्या ॲम्फिकार दिसल्या. या मोटारी रस्त्यावरून उतरतात त्या थेट पाण्यात, आणि होडीसारख्या चालू लागतात. त्यांत बसायला भरपूर पैसे पडतात, काठावरून बघायला काहीच नाही. दादी म्हणाल्या, “आमच्या खाडीवर ही असती तर पुलासाठी इतकी वर्षे थांबावे लागले नसते.”

खाण्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण तिकडे जाणाऱ्यांना उपयोग होईल. तिथल्या मांसाहाराला हलाल समजून चालत नाही, आणि मांस नसलेला पदार्थही विचारूनच घ्यावा. मार्शमॅलो आणि चघळायच्या गोळ्यांत जिलेटिन असते, ते बहुधा डुकराचे. सॉसमध्ये वाइन असू शकते. बटाट्याच्या फोडी ज्या तेलात तळतात त्यातच आणखी काय तळले आहे, हेही विचारावे लागते. एका ओळखीच्यांनी आम्हाला सल्ला दिला होता, “पोर्कची ॲलर्जी आहे म्हणा, म्हणजे जास्त काळजी घेतात.” पण आदल्या रात्रीची हदीस ताजी होती. आम्ही सरळ सांगितले, “आम्ही मुसलमान आहोत, आम्हाला डुकराचे मांस आणि मद्य चालत नाही.” आचारी स्वतः बाहेर आले, कोणत्या पदार्थात काय आहे ते सांगितले, आणि मासे वेगळ्या तव्यावर करून दिले. खरे बोलून आमचे काहीही अडले नाही.

खरेदीसाठी दोन्ही मुलांना घरूनच वीस-वीस डॉलरची पाकिटे दिली होती. हे पैसे तुमचे, संपले की संपले. धाकट्याने लेगोच्या दुकानात एक पेला घेतला. तिथे भिंतीवरच्या खणांतून हव्या त्या सुट्या विटा पेल्यात भरता येतात, किंमत पेल्याची. पाऊण तास तो एकेक वीट काढून-घालून फटी बुजवत होता. थोरलीला डिस्नेच्या त्या प्रचंड दुकानात मिकीच्या कानांची पट्टी आवडली. तिची किंमत वीसच्या वर होती. वरचे पैसे घालायला चाचा तयार होते. आम्ही मान हलवली. ती काही न घेता परतली आणि गाडीत अंधारात रडली, हे आम्हाला तिच्या नाक ओढण्यावरून कळले. आम्ही बरोबर वागलो की कठोर, याचे उत्तर आमच्यापाशी आजही नाही.

आता टोचणीची गोष्ट. निघताना ‘डिस्ने’ असे ठळक लिहिलेल्या एका फलकाखाली आम्ही सगळ्यांचा फोटो काढला आणि खानदानाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. सकाळी उठून पाहतो तर माशाअल्लाहचा पाऊस. “डिस्नेला गेलात!” “मुलांचे नशीब!” एका मावशींनी तर विचारले, “राइड्स कशा होत्या?” आम्ही हात जोडल्याचे चिन्ह टाकले आणि गप्प बसलो. एका शब्दानेही खोटे बोललो नाही, आणि खरे तेही सांगितले नाही.

सुट्टी संपवून घरी आलो. पहिल्याच शुक्रवारी त्या मावशी भेटायला आल्या. त्यांनी धाकट्याला जवळ घेतले, “काय रे, मिकीला भेटलास?” आम्ही चहाचा ट्रे धरून दारातच थांबलो. तो म्हणाला, “नाही खाला. आतले महाग होते. आम्ही बाहेरचा बाजार बघितला. तिथे पाण्यात चालणारी मोटार आहे.” आणि तो पेल्यातल्या विटा आणायला धावला. त्याच्या आवाजात ना लाज होती, ना तक्रार. मावशी हसल्या आणि मोटारीबद्दल विचारू लागल्या. लाज वाटली ती आम्हाला. सात वर्षांच्या मुलाला आम्ही खरे ऐकवले होते, ते त्याने पचवलेही होते; आम्हीच सगळ्या गटासमोर आत जाऊन आल्याचा आव आणून बसलो होतो.

त्या रात्री गटावर लिहिले, “फोटो डिस्नेच्या बाहेरच्या बाजारातला आहे. उद्यानात गेलो नव्हतो, तिकिटे परवडली नाहीत.” थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. मग एका भाच्याचा खासगी निरोप आला. तो मुलांना घेऊन दुबईला जाणार होता आणि तिथल्या उद्यानांच्या तिकिटांसाठी कर्ज काढायच्या विचारात होता. “फुफी, बाहेर काय काय बघता येते?” एवढेच त्याने विचारले होते.

भगिनींनो, इस्राफ म्हटले की आपल्याला लग्नातले जेवण आणि दागिने आठवतात. मुलांच्या सुट्टीतही तो शिरतो, आणि बहुतेक वेळा मुलांच्या हट्टाने शिरत नाही. लोक काय म्हणतील या आपल्याच धास्तीने शिरतो. कुणाला अल्लाहने दिले असेल तर त्यांनी मुलांना जरूर उद्यानात न्यावे, हलाल कमाईतला आनंद कुणी नाकारलेला नाही. ज्यांना जमत नाही त्यांनी निघण्याआधी मुलांना खरे सांगावे, पाकिटात ठरलेली रक्कम द्यावी, घरून जेवून आणि वुजू करून निघावे. आणि परत आल्यावर मोठ्यांनीही खरेच सांगावे. आम्हाला हे शेवटचे सर्वांत जड गेले.

थोरलीचे वीस डॉलर अजून तिच्या पाकिटात आहेत. तिने त्यांचे काय करायचे ते अद्याप ठरवलेले नाही, आणि आम्हीही विचारत नाही.

वस्सलाम.