भूमीचे दप्तर

जुन्या दप्तराच्या रुमालातून एखादा कागद कोणी उपटून नेला, तर त्यावरील अक्षरे शाबूत राहतात. परंतु तो कोणत्या कागदाच्या आधीचा व कोणत्याच्या नंतरचा, हे कळेनासे होते. भूमीच्या पोटातील थरांचेही तसेच आहे. नद्यांनी व सरोवरांनी युगानुयुगे गाळ साचविला. त्यात प्राण्यांची हाडे, दात व अंडी गाडली गेली आणि कालांतराने त्यांचे पाषाण झाले. हेच जीवाश्म होत.

असा एक थर चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळील पिसदुरा या गावी आहे. तो सुमारे साडेसहा ते सात कोटी वर्षांपूर्वीचा आहे. तेथे डायनोसॉर या प्रचंड प्राण्यांच्या अस्थी सापडल्या आणि त्यांच्याबरोबर विष्ठेचे दगड झालेले गोळेही सापडले. हाडांचे मोल कोणीही मान्य करील. पण विष्ठेच्या दगडाचे कसले मोल, असे पुष्कळांना वाटेल.

त्याचे उत्तर २००५ साली मिळाले. लखनौच्या बीरबल साहनी संस्थेतील डॉ. वंदना प्रसाद व त्यांचे सहकारी यांनी हे गोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. गवताच्या पात्यांत तयार होणारे गारेसारखे सूक्ष्म कण त्यांत आढळले. डायनोसॉर नाहीसे झाल्यानंतरच गवत उदयास आले, असा समज तोवर रूढ होता. तो या क्षुद्र गोळ्यांनी खोटा ठरविला. मात्र ते कोणत्या थरातील आहेत हे ठाऊक होते, म्हणूनच त्यांची साक्ष ग्राह्य ठरली. तेच गोळे एखाद्याच्या दिवाणखान्यातील कपाटात पडून असते, तर ते मुकेच राहिले असते.

यावर कोणी म्हणेल, की नांगराने व पावसाने जीवाश्म झिजतात. मग ते उचलून घरी जपलेले काय वाईट? हा आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु त्यावरील उपाय उचलून नेणे हा नव्हे. जागेची खूण करावी, आढळले ते टिपून ठेवावे आणि भूशास्त्राच्या जाणकारांना कळवावे. तेथून पुढे उत्खनन करणे व नोंद ठेवणे हे त्यांचे काम आहे.

कुतूहल हा विद्येचा आरंभ खरा; पण संयमाची जोड नसेल, तर तेच कुतूहल विद्येची हानी करते. दगड घरी नेणाऱ्याला दगडच लाभतो. तो जागच्या जागी राखणाऱ्यामुळे साऱ्या जगाला ज्ञान लाभते.