साप चावतो भादव्यात, निधी येतो मार्चमध्ये

सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की वाशीम जिल्ह्यात सर्पदंशाचा धोका वाढतो. घोणस चावली तर तिचे विष रक्त गोठण्याची क्रियाच मोडून टाकते. हे ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. रुग्णाचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे, 20 मिनिटे हलवायचे नाही, मग नळी तिरपी करून पाहायची. रक्त पातळच राहिले तर विष भिनले आहे. तपासणी जवळजवळ फुकट. पण त्यानंतर प्रतिविषाच्या सुरुवातीलाच 8 ते 10 कुप्या लागतात, आणि त्या त्याच क्षणी रुग्णालयाच्या कपाटात असाव्या लागतात. नसतील तर रुग्णवाहिका निघते अकोल्याकडे, वाशीमहून सुमारे 80 किलोमीटर. वाटेत गेलेल्या वेळेची किंमत मूत्रपिंडे मोजतात.

आरोग्याच्या अर्थसंकल्पावर विधिमंडळात खडाजंगी होते तेव्हा ही नळी आठवते. सत्ताधारी म्हणतात, विक्रमी तरतूद केली. विरोधक म्हणतात, तरतूद अपुरी. विरोधकांचे म्हणणे खरे आहे: राज्यांनी अर्थसंकल्पाच्या 8 टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी, असे 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने म्हटले होते आणि महाराष्ट्र, सरकार कोणाचेही असो, त्याच्या बराच मागे राहिला. पण दोन्ही बाजू बोलतात ती तरतुदीवर. त्यातले किती पैसे प्रत्यक्ष मिळाले, कोणत्या महिन्यात मिळाले आणि त्यांची औषधे कधी आली, हे विचारणारा आवाज सभागृहात क्वचितच ऐकू येतो. निधी हप्त्याहप्त्याने सुटतो, मार्चअखेर बिलांची घाई होते. सापाला मात्र आर्थिक वर्ष माहीत नसते.

या दिरंगाईचे टोक आपल्या शेजारीच दिसले होते. ऑक्टोबर 2023 च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले, त्यांत 12 नवजात बालके होती. औषधे कमी होती, हाफकिनमार्फत होणारी खरेदी झाली नव्हती, असे रुग्णालयाकडून सांगण्यात आले. सरकारने तुटवडा नाकारला. पुढे काय झाले? हिंगोलीच्या तत्कालीन खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावले. चित्रफीत गावोगाव पोहोचली. औषधाची मागणी कोणत्या तारखेला गेली आणि कोणत्या टेबलावर अडली, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

खरेदी एकाच ठिकाणाहून करण्यामागे कारण आहे. प्रत्येक रुग्णालयाने आपापली औषधे घेतली तर भाव चढतात, टक्केवारीला वाव मिळतो. ते मान्यच. तमिळनाडूतही 1994 पासून एकच महामंडळ खरेदी करते. पण तिथे जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे आहेत आणि प्रत्येक रुग्णालयाकडे पासबुक असते: किती रकमेचे औषध घेता येईल, किती घेतले, किती उरले. आपण 2023 मध्ये हाफकिनकडून हे काम काढून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन केले. पाटी बदलली, ते पासबुक मात्र आपल्या डॉक्टरांच्या हाती अजून दिसत नाही.

आता वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले आहे. 100 जागा आणि 430 खाटांचे संलग्न रुग्णालय असा तो निर्णय. 9 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे उद्घाटन केले. आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतल्या या जिल्ह्यासाठी ही मोठी गोष्ट आहे, तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. पण इमारतीची फीत एकदाच कापायची असते, भूलतज्ज्ञाचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. राज्याच्या सरकारी रुग्णालयांत डॉक्टरांची साधारण चौथा हिस्सा आणि परिचारिकांची एक तृतीयांश पदे रिक्त असल्याचे महालेखापरीक्षकांच्या अहवालातून समोर आले होते. नव्या खाटांजवळ उभे राहणारे हात कुठून येणार?

शिवाय मालक अनेक. प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे, ग्रामीण रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, महाविद्यालय अधिष्ठात्यांकडे आणि तेही वेगळ्या खात्याचे. मानोऱ्याच्या एखाद्या केंद्रात प्रतिविष संपले आणि वाशीमच्या कपाटात पडून असले, तर ते हलवायचे कोणाच्या सहीने? ई-औषधी प्रणालीत साठ्याची नोंद होते. ती नोंद रोज दाराशी फळ्यावर लिहायला एक खडू लागेल.

दर वर्षी पेरणीआधी पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली खरीप आढावा बैठक होते. बियाणे किती, युरिया किती, डीएपी किती, लिंकिंग कोण करतो, सगळे खोदून विचारले जाते आणि अधिकाऱ्यांना घाम फुटतो. त्याच बैठकीत, त्याच आवाजात, सहाही तालुक्यांत प्रतिविषाच्या कुप्या किती आहेत, हेही विचारावे.