ओसरीवरून : विकायच्या बुलेटचं इंजिन खोलावं का?



ओसरीवर बसलं की येणारा-जाणारा पिकाचं विचारतो, पाण्याचं विचारतो. हल्ली मात्र एक निराळाच प्रश्न कानावर येतो. कुणाच्या गोठ्याच्या कडेला वडिलांची राजदूत उभी असते, कुणाची येझदी असते, कुणाची बुलेट असते. वर रिकामी पोती टाकलेली, टाकीवर कोंबडी अंड्यावर बसलेली. शहरातल्या हौशी लोकांना या जुन्या गाड्या हव्या आहेत असं ऐकल्यापासून घरोघरी कुजबुज सुरू झाली आहे. गाडी विकायची, हे एकदा ठरलं की पुढचा पेच पडतो. आहे तशी विकावी, की आधी इंजिनाचं काम करून मग विकावी?

हा पेच आमच्याच घरात पडला होता. म्हणून आज घरचीच गोष्ट सांगतो.

आमच्या थोरल्या बंधूंनी १९८४ साली उसाच्या बिलातून बुलेट घेतली. मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूरच्या कारखान्यातली, ३५० ची. त्या गाडीवर खताच्या गोण्या आल्या, बाळंतिणी दवाखान्यात गेल्या, आमचं लग्नसुद्धा तिच्यावरूनच जमलं. दादा जाऊन ६ वर्षं झाली. तेव्हापासून गाडी गोठ्यात उभी होती.

एके दिवशी वहिनी आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, गाडी विकायची म्हणते. पोरीचा नर्सिंगला नंबर लागलाय. महिन्याभरात पहिला हप्ता आणि वसतिगृहाचे पैसे भरायचेत. दुसरं काही मोडण्यासारखं राहिलं नाही."

पुतण्याने आधीच तालुक्याच्या गॅरेजात गाडी नेऊन दाखवली होती. तिथे ढकलून चालू केली, तर मागून निळ्या धुराचा लोट निघाला. मिस्त्रीने तिथल्या तिथे सांगितलं, "पुरं इंजिन खोलावं लागेल. बोअर, पिस्टन-रिंग, व्हॉल्व्ह, कनेक्टिंग रॉड. ३२ हजार खर्च आणि तीन-चार आठवडे. मग बघ, ९० हजाराला हसत जाईल." त्याच गॅरेजात बसलेल्या एका दलालाने आहे तशी ४० हजाराला मागितली.

पुतण्या मला म्हणाला, "काका, ३२ घातले की ५० वाढतात. उसने घेऊ आणि काम करून टाकू."

ऐकायला हिशेब सोपा वाटतो. पण बाजारात तुरी असतानाच घरात डाळ शिजायला लागली, की मला काळजी वाटते. मी म्हटलं, पैसे काढण्याआधी जाणत्या माणसाला एकदा दाखवू. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये हयात घालवलेले एक फिटर आमचे जुने स्नेही आहेत. त्यांना घेऊन आलो.

त्यांनी हत्यारांची पिशवी खाली ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला, "किती वर्षं उभी आहे?"

"सहा."

"मग धूर येणारच. त्यात इंजिनाचा काय दोष?"

त्यांनी जे समजावलं ते तुम्हीही ध्यानात ठेवा. जुन्या बुलेटला इंजिनाच्या पोटातच तेलाची टाकी असते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली, की टाकीतलं तेल पंपातून हळूहळू झिरपून क्रँकच्या कप्प्यात उतरतं. मग चालू केल्यावर ते जादा तेल जळतं आणि निळा धूर येतो. खालच्या बोल्टातून तेल काढून टाका, नवं भरा, गाडी चांगली गरम होऊ द्या. तरीही धूर येत राहिला, तर रिंगा किंवा व्हॉल्व्हची शंका घ्यायची. पहिल्या पाच मिनिटांच्या धुरावरून इंजिन खोलणं म्हणजे सर्दी झाली म्हणून छाती फाडणं.

मग त्यांनी प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडलं आणि गाडी रात्रभर तशीच ठेवली. उभ्या गाडीत सिलिंडरला आतून गंज धरलेला असतो. कोरडीच किक मारली तर चरे पडतात. दुसऱ्या दिवशी पेट्रोलची टाकी धुतली, कार्ब्युरेटर उघडून साफ केला, सीबी पॉइंट घासले, प्लग आणि तेल बदललं. जुनं पेट्रोल ओतून दिलं. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यातलं काही आपल्याच उसाचं, पण ते पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. म्हणून नळ्याही बदलल्या.

त्यानंतर खरी परीक्षा. फिटर किकवर नुसते उभे राहिले. त्यांचं वजन किकने पेललं आणि मग ती सावकाश खाली गेली. म्हणाले, "दाब धरतोय." किक एकदम खाली गेली असती, तर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल टाकून पुन्हा बघायचं. तेल टाकल्यावर दाब वाढला तर रिंगा झिजल्या. वाढला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. एवढ्या साध्या परीक्षेला फुटकी कवडी लागत नाही.

अ‍ॅम्पिअरचा काटा मध्यावर आणला, हँडलवरची छोटी दांडी दाबून दाब सोडला आणि किक मारली. तिसऱ्या किकेला गाडी बोलली. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. कोणी काही बोललं नाही.

पाऊण तास गाडी फिरवली. धूर गेला. वरून टिकटिक येत होती, ती टॅपेट जुळवल्यावर कमी झाली. गार असताना पिस्टनचा थोडा खडखडाट होता, गरम झाल्यावर तो निवला. फिटर म्हणाले, "भ्यायचं ते खालून येणाऱ्या जड ठोक्याला. चढावर ओझं पडलं की ठोका वाढतो आणि गाडी गरम झाली तरी जात नाही. तो कनेक्टिंग रॉडचा. तो असता तर गाडी चालूच ठेवू दिली नसती. तुमच्या गाडीला तो नाही."

सगळा खर्च झाला ४,६०० रुपये.

पुतण्याचं समाधान झालं नव्हतं. "पण काका, नवं इंजिन म्हटल्यावर भाव येईलच की."

मी त्याला बाजाराची आठवण करून दिली. आपण बैल घ्यायला जातो तेव्हा शिंगं साळून, रंग देऊन उभा केलेला बैल दिसला की आपण काय करतो? आधी त्याचे दात बघतो आणि चार पावलं चालवतो. रंगाचे पैसे कोणी देत नाही, उलट रंगाखाली काय लपवलंय अशी शंका येते. इंजिनाच्या कामाचंही तसंच. आत नवा पिस्टन घातलाय हे घेणाऱ्याला दिसत नाही. त्याला तुमच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो, आणि अनोळखी माणसाच्या शब्दावर कोणी ३२ हजार वाढवून देत नाही.

दुसरी गोष्ट. नवं बांधलेलं इंजिन पहिले काही शे किलोमीटर हळू, जपून चालवावं लागतं, म्हणजे रिंगा सिलिंडरला बसतात. तेवढा वेळ आपल्याकडे नव्हता. घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी दामटली आणि पिस्टन धरला, तर तो आपल्याच दारात येणार.

तिसरी गोष्ट फिटरांनी सांगितली. सिलिंडर किती वेळा बोअर करता येतो याला मर्यादा असते. दर वेळी आतून थोडा थोडा कातला जातो, पिस्टन मोठा घालावा लागतो. कारखान्यातून आला त्याच मापाचा सिलिंडर असेल, तर जाणता गिऱ्हाईक त्यालाच मोल देतो. आणि कामाच्या घाईत कुणी इंजिनाचं बाहेरचं कवचच बदललं, तर त्यावरचा इंजिन नंबर जातो. मग आरसी बुकातला नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळत नाही, आणि गाडीला कवडीमोल किंमत येते.

घेणारा आला तेव्हा हे सारं पटलं. कोल्हापूरकडचा माणूस, जुन्या गाड्यांचा हौशी. आल्या आल्या त्याने बॅटरी पाजळून आधी इंजिन नंबर वाचला, चेसिस नंबर वाचला, मग विचारलं, "इंजिन कधी उघडलंय का?"

पुतण्या घुटमळला. वहिनी म्हणाल्या, "नाही. ह्यांनी कधी उघडू दिलं नाही."

"झकास," तो म्हणाला. "उघडायचं ते मी माझ्या माणसाकडून उघडीन. दुसऱ्याने केलेलं काम मला पुन्हा उघडून बघावंच लागतं."

म्हणजे आमचे ३२ हजार पाण्यात गेले असते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हा!

सौदा ७५ वर आला होता. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "एक सांगायचं राहिलं. दुसरा गिअर कधी कधी सुटतो. आणि उभी राहिली की खाली तेलाचे थेंब पडतात." पुतण्याने कपाळावर हात मारला. त्या माणसाने ३ हजार कमी केले आणि सौदा ७२ ला तुटला. रात्री पुतण्या आईवर चिडला. वहिनी एवढंच म्हणाल्या, "ह्यांनी कुणाला फसवून काही विकलं नाही. त्यांची गाडी मी फसवून विकू?"

त्या ३ हजारांबद्दल मला विचाराल, तर ते वाया गेले नाहीत. त्यांनी उद्याचं भांडण मिटवलं. आणि आता हिशेब मांडा. काम करून ९० ला गेली असती असं धरलं, तरी ३२ वजा जाता ५८ राहिले असते. आम्हाला ७२ मधून ४,६०० जाऊन ६७,४०० राहिले. आमचे आकडे तुमच्याकडे जसेच्या तसे लागू पडणार नाहीत, पण हिशेबाची रीत हीच ठेवा : आहे तशी किती, चालू करून किती, पुरं काम करून किती. तिन्हींतून खर्च वजा करा आणि मग ठरवा.

खरा वेळ खाल्ला तो कागदांनी. गाडी अजून दादांच्याच नावावर होती. मालक वारला तर ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं आणि ३ महिन्यांत वारसाच्या नावावर करण्यासाठी नमुना ३१ चा अर्ज द्यायचा, असा नियम आहे. आम्ही ६ वर्षं निजलो होतो, त्याचा दंड भरला. १५ वर्षांनंतर नोंदणी दर ५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, तीही संपली होती. त्यासाठी पर्यावरण कर, विमा, धुराचा दाखला आणि निरीक्षकापुढे गाडी उभी करणं आलं. तिथे दिवा, हॉर्न, ब्रेक सगळं चालू लागतं. गाडी चालती केली होती, म्हणून तेही निभावलं. त्यानंतर विक्रीचे नमुने २९ आणि ३०.

घेणाऱ्याने २० हजार विसार दिला, त्यातून पोरीचा पहिला हप्ता वेळेत भरला गेला. मात्र कागद होईपर्यंत गाडी आमच्याच गोठ्यात ठेवली. नाव बदलण्याआधी गाडी देऊन टाकली आणि रस्त्यात अपघात झाला, तर ज्याच्या नावावर नोंद आहे तोच मालक धरला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हेच स्पष्ट केलं आहे.

मग इंजिनाचं काम कधीच करू नये का? तसं नाही. गाडी घरात ठेवायची असेल, रोज वापरायची असेल, तर अवश्य करा. तो खर्च बाजारासाठी नसतो, आपल्यासाठी असतो. खालून जड ठोका येत असेल, तर गाडी चालू न ठेवता तसं सांगून विका, किंवा ठेवायची असेल तर खोला. आणि घेणाऱ्यानेच "काम करून द्या" म्हटलं, तर आधी विसार घ्या आणि मिस्त्री त्याच्या पसंतीचा ठेवा.

पुतण्याला मी शेवटी विचारलं, "एवढं इंजिन खोलायचं का मनात होतं रे?" तो म्हणाला, "विकण्याआधी एकदा आबांच्या वेळेसारखी वाजावी, एवढंच." मंडळी, तो हिशेब पैशाचा नव्हताच. घरोघरी असंच असतं. म्हणून ठरवण्याआधी आपल्या मनाला विचारा, की हा खर्च गाडीसाठी आहे, की गेलेल्या माणसासाठी. दोन्ही खरे आहेत, पण दुसरा गिऱ्हाइकाकडून वसूल होत नाही.

तुमच्या गोठ्यात अशी गाडी उभी असेल, तर आधी आरसी बुक शोधा. पाना नंतर हातात घ्या.

पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू. राम राम.