नव्या जातीआधी निरोगी बेणे द्या

मा. संपादक,


आडसाली लागणी जवळ आल्या की आमच्या माळशिरस तालुक्यात एकच चर्चा सुरू होते : कमी पाण्यात तग धरणारी कोणती जात लावायची? ही काळजी रास्त आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारने जे ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यांत माळशिरस होता. कालव्याचे आवर्तन लांबले की फडाची काय गत होते, हे वेळापूरकरांना नव्याने सांगायला नको. पण या सगळ्या चर्चेत बेण्यातून येणाऱ्या विषाणूंचे नावही निघत नाही. बेणेच रोगट असेल तर कितीही काटक जात आणली, तरी तिचा गुण शेतात उतरणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

ताण सोसण्याचा गुण उसाला मुख्यतः रानटी वाणाकडून मिळाला. कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेने कास या रानगवताशी संकर करून १९१८ मध्ये को २०५ ही जात दिली आणि तिथून 'को' जातींची परंपरा सुरू झाली. हा गुण एखाद्या जनुकावर अवलंबून नसतो. उसाच्या पेशीत शंभरावर गुणसूत्रे असतात आणि मुळे खोल जाणे, पान गुंडाळून ओलावा राखणे अशा प्रत्येक गोष्टीत अनेक जनुकांचा वाटा असतो. म्हणूनच एक जात तयार व्हायला दहा-बारा वर्षे जातात. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रात १९३२ पासून हे काम चालू आहे. को ८६०३२ आणि फुले २६५ या जातींवर आमचे प्रपंच चालले आहेत. शास्त्रज्ञांची ही मेहनत मातीमोल होऊ नये, म्हणूनच हे पत्र.

ज्वारी-गहू आपण दाण्याने पेरतो, ऊस मात्र कांडीने लावतो. त्यामुळे मूळ उसातला विषाणू डोळ्याबरोबर नव्या फडात येतो आणि खोडव्यातही तसाच राहतो. अशा विषाणूजन्य रोगांपैकी मोझॅकची ओळख सोपी आहे. कोवळे पान उजेडात धरले की फिकट आणि गर्द हिरव्या रंगाची नक्षी दिसते. पिवळ्या पानांचा रोग मात्र चकवतो. ऊस सात-आठ महिन्यांचा झाला की शेंड्याखालचे पान उलटे करून पाहावे. पाते हिरवे असतानाही मधली शीर खालून पिवळी पडलेली दिसते. पुष्कळ शेतकरी याला केवडा समजून फेरस सल्फेट फवारतात आणि पैसे वाया घालवतात. लोहाच्या कमतरतेत शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा होतो. इथे नेमके उलट असते.

पानात तयार झालेली साखर खोडाकडे नेणाऱ्या नलिकांतच पिवळ्या पानांच्या रोगाचा विषाणू वाढतो. कांड्या आखूड राहतात, टनेज घटते, उताराही घसरतो. त्यात पाण्याचा ताण पडला की लक्षणे आणखी उघडी पडतात आणि आपण म्हणतो, 'जात बिघडली.' पुष्कळदा जात तीच असते, बेणे बिघडलेले असते.

उष्ण बाष्प प्रक्रियेने गवताळ वाढीच्या रोगाला आळा बसतो, पण हे विषाणू तिला दाद देत नाहीत. ते पसरवणाऱ्या माव्यावर फवारणी केली तर प्रसार कमी होईल, पण बाधित झालेले बेट बरे होणार नाही. खात्रीचा मार्ग उतिसंवर्धनाचा : शेंड्याच्या अगदी टोकाच्या पेशींपासून रोपे वाढवायची, प्रयोगशाळेत विषाणू-तपासणी करायची आणि मूलभूत, पायाभूत, प्रमाणित अशा तीन टप्प्यांनी बेणे वाढवायचे. जनुके बदललेल्या उसावर आशा ठेवणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. इंडोनेशियाने २०१३ मध्ये तसा दुष्काळ-सहनशील ऊस मंजूर केला, पण त्याचीही लागण कांडीनेच करावी लागते.

निरोगी बेणे महाग पडते आणि शेजारच्या फडातले स्वस्तात मिळते, हे मलाही मान्य आहे. पण लागणीला वाचलेला पैसा पुढे खोडव्यापर्यंत टनेजमधून वजा होत राहतो. शिवाय हा भार एकट्या शेतकऱ्याने का उचलावा? चांगल्या उताऱ्याचा लाभ कारखान्यालाही होतोच.

म्हणून तालुक्यातील कारखान्यांनी विषाणू-तपासणी झालेले पायाभूत बेणे सभासदांना अनुदानावर द्यावे आणि दर तीन-चार वर्षांनी बेणेबदल सक्तीचा करावा. उतिसंवर्धित रोपांसाठी केंद्राची प्रमाणन पद्धत २००६ पासून आहे. तिचा आधार घेऊन, मूळ बेणे कोणते आणि त्याची तपासणी कधी झाली, हे ट्रेमधली रोपे विकणाऱ्या प्रत्येक रोपवाटिकेने पावतीवर लिहून द्यावे, असा नियम कृषी खात्याने करावा. शेतकरी बांधवांनीही अशा पावतीशिवाय यंदा एकही रोप उचलू नये. मागणी आपल्याकडूनच आली नाही, तर नियम कागदावरच राहील.

आपला,
एक ऊस उत्पादक शेतकरी
वेळापूर, ता. माळशिरस, जि. सोलापूर