पूर्वपक्षाचे ऋण

प्रतिपक्षाचे म्हणणे आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडावे आणि मगच त्याचे खंडन करावे, ही पूर्वपक्षाची शिस्त भारतीय शास्त्रपरंपरेचे भूषण म्हणून वारंवार सांगितली जाते. ती मोडली तर काय घडते, याचे ठळक उदाहरणही याच परंपरेत आहे. ते म्हणजे चार्वाक.

चार्वाकांचा मूळ सूत्रग्रंथ आज उपलब्ध नाही. त्यांची वचने उरली ती बहुतांशी विरोधकांनी दिलेल्या अवतरणांत. सामान्य वाचकाला चार्वाक ठाऊक असतो तो तुपासाठी कर्ज काढायला सांगणारा चैनबाज म्हणून. या प्रतिमेचा आधार चौदाव्या शतकातील माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'तील एक श्लोक होय. परंतु नवव्या शतकातील जयंतभट्टाच्या 'न्यायमंजरी'त त्याच श्लोकाच्या त्याच चरणात कर्ज नाही आणि तूपही नाही. मृत्यूच्या कक्षेबाहेर काहीच नाही, एवढेच गंभीर विधान तेथे आहे. जयंतभट्ट हा काही चार्वाकांचा कैवारी नव्हे. नवल असे, की खुद्द 'सर्वदर्शनसंग्रहा'च्या पहिल्या प्रकरणात आरंभी हा जुना पाठ आहे आणि शेवटाकडे तुपाचा. या दोहोंपैकी लोकांनी उचलला तो टवाळीला सोयीचा.

अनुमानाबाबतही हेच झाले. आठव्या शतकातील बौद्ध पंडित कमलशील याने पुरंदर या चार्वाकाचे मत नाव घेऊन नोंदवले आहे: लोकव्यवहारात रूढ असलेले अनुमान चार्वाकांना मान्य आहे, अमान्य आहे ते लौकिक मर्यादा ओलांडणारे. कमलशील हाही विरोधकच. तरीही ही मर्यादा त्याने गाळली नाही. माधवाचार्यांच्या प्रकरणात मात्र चार्वाक अनुमानाचे प्रामाण्यच नाकारताना दिसतो, आणि अशा चार्वाकाचे खंडन अर्थातच सोपे होते.

आजच्या वाङ्मयीन वादांत हीच सोय सर्रास वापरली जाते. लेखकाचे अर्धे वाक्य घ्यायचे, 'परंतु'पासूनचा भाग तीन टिंबांखाली गाडायचा, किंवा तिसऱ्याच्या लेखातील उतारा मूळ ग्रंथ न उघडता पुढे ढकलायचा. हटकले की उत्तर तयार असते: शब्द वेगळे असतील, भावार्थ तोच. हे समर्थन लंगडे आहे. भावार्थ सांगण्याचा अधिकार टीकाकाराला अवश्य आहे. पण तो त्याने स्वतःच्या शब्दांत आणि स्वतःच्या जबाबदारीवर सांगावा. अवतरणचिन्हे ही साक्ष असते, आणि साक्षीत भावार्थ चालत नाही.

हा प्रश्न केवळ सौजन्याचा नाही. विकृत पूर्वपक्षाचे खंडन हे कोणाचेच खंडन नसते. मूळ वाक्य पुरते उद्धृत करण्याची ज्याला धास्ती वाटते, त्याचा आपल्या उत्तरावरच भरवसा नसतो. हयात लेखक निदान खुलासा करू शकतो. ज्याचा ग्रंथच नष्ट झाला, त्याला विरोधकाच्या प्रामाणिकपणाखेरीज दुसरा आसरा नाही. चार्वाकाला तो अगदी थोड्यांनी दिला.